शिक्षा भोगून माणूस गावात परततो, तेव्हा ग्रामपंचायतीने काय करायचं?

माण तालुक्यातल्या एका सरपंचताईंचा प्रश्न थोडक्यात असा: गावातला एक जण खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगून दोनेक महिन्यांत सुटतो आहे. मयताचं घर त्याच गावात, दोन आळ्या सोडून. 'त्याला गावात घ्यायचं नाही' असा ठराव ग्रामसभेत मांडायची काहींनी तयारी केली आहे. दुसरीकडे त्याची म्हातारी आई रोज ग्रामपंचायतीच्या पायरीवर येऊन बसते. अशा माणसासाठी ग्रामपंचायतीकडे काही योजना असते का? आपण नेमकं काय करू शकतो? ताईंचे भाऊ शेजारच्या नगरपालिकेत नगरसेवक आहेत, त्यांनाही शहराच्या बाजूने हेच जाणून घ्यायचं आहे.

ताई, 'सुटलेल्या कैद्यांसाठी ग्रामपंचायतीची योजना' शोधत बसलात तर फायलीत काही सापडणार नाही. मी बावीस वर्षं सुटलेल्या बंद्यांबरोबर काम करतोय, आधी कारागृहाच्या आत आणि नंतर बाहेर, आणि अशा नावाचं लेखाशीर्ष मी एकाही ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात पाहिलेलं नाही. त्याने तुमचं काही अडत नाही. फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावर तो माणूस गृहखात्याचा राहत नाही, तुमच्या गावाचा रहिवासी होतो. रेशन, रोजगार हमी, घरकुल, दवाखाना या रहिवाशासाठीच्या सगळ्या गोष्टी त्याला लागू आहेतच. त्याच्याकडे नसतात ते कागद, आणि त्यातले निम्मेअधिक कागद तुमच्या टेबलावरून जातात. हे टेबल त्याला अडवणार नाही, एवढं धोरण ठरवलंत तरी बरंचसं काम होतं.

आधी त्या ठरावाचं बघू.

असा ठराव घेऊ नका आणि विषयपत्रिकेवर येऊही देऊ नका. भारतात कुठेही राहण्याचा आणि फिरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिला आहे. शिक्षा पूर्ण झालेल्या किंवा शासनाने मुदतपूर्व सोडलेल्या माणसाला स्वतःच्या गावात यायला ग्रामसभेची परवानगी लागत नाही. ठराव झाला तर तो टिकणार नाही, पण वर्तमानपत्रात येईल, गावात दोन तट पडतील आणि सही तुमची असेल. काही सदस्य म्हणतील, मग तडीपार करा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये तडीपारीची तरतूद आहे, पण ती पोलिसांनी प्रस्ताव करून, नोटीस देऊन, त्या माणसाचं म्हणणं ऐकून करायची कारवाई आहे आणि तिला दोन वर्षांची कमाल मर्यादा आहे. आल्या आल्या कोणावर ती वापरता येत नाही, आणि ग्रामपंचायतीच्या ठरावावर तर नाहीच.

दुसरा एक गैरसमज असा की 'चौदा वर्षं झाली की जन्मठेपवाला आपोआप सुटतो.' तसं नाही. ज्या गुन्ह्याला फाशीचीही शिक्षा होऊ शकते, त्यात प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय शासनाला शिक्षेत सूट देऊन सोडता येत नाही, एवढाच चौदा या आकड्याचा अर्थ. पुढे गुन्हा कोणत्या प्रवर्गात बसतो, वर्तणूक कशी होती, पोलिसांचा अहवाल काय, न्यायालयाचं मत काय, हे सगळं पाहून गृहविभाग आदेश काढतो. काहींना वीस, काहींना सव्वीस वर्षंही काढावी लागतात. म्हणजे तुमच्या गावात येणारा माणूस बरीच चाळणी होऊन येतो आहे. सुटकेच्या आदेशात अटी असू शकतात, जसं चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड किंवा ठाण्यात हजेरी. त्याच्या आईकडून किंवा वकिलाकडून आदेशाची प्रत घ्या आणि अटी वाचा. गावातल्या निम्म्या अफवा ती प्रत वाचल्यावर बसतात.

तो आधी कधी गावात येऊन गेलाय का, हेही विचारा. इतक्या वर्षांत बहुतेकांना संचित रजा किंवा अभिवचन रजा मिळालेली असते. लोक दोन्हीला 'पॅरोल'च म्हणतात. रजेच्या वेळी पोलीस गावात चौकशी करतात, पोलीस पाटलांना विचारतात, जामीनदार मागतात. तो चार-पाच वेळा येऊन वेळेवर परत गेला असेल आणि तेव्हा काही घडलं नसेल, तर तुमच्याकडे बोलायला भक्कम मुद्दा आहे. तो एकदाही आला नसेल तर का आला नाही, हे शोधा. रजा नाकारली गेली, की जामीन राहायला कोणी पुढे आलं नाही? पुष्कळदा जामीन राहायला कोणी नसणं हेच कारण असतं.

आता खरी अवघड गोष्ट. त्याच्या घरी जाण्याआधी तुम्ही मयताच्या घरी जा.

हे मी बऱ्याच ठेचा खाऊन शिकलो. सुरुवातीच्या काळात मी सुटलेल्या माणसाचीच बाजू घेऊन गावात शिरायचो. एका गावात मयताची बायको मला म्हणाली, "त्याच्यासाठी तुम्ही जिल्ह्यावरून गाडी करून आलात. माझ्याकडे पंधरा वर्षांत कोण आलं?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर तिचे कागद पाहिले. विधवा असून संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तिचं नाव नव्हतं, कारण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मारायचे हेलपाटे मजुरी बुडवून परवडत नव्हते. त्या योजनेत आज महिन्याला १,५०० रुपये मिळतात. रक्कम थोडी आहे, पण तिला दुखत होतं ते रकमेमुळे नाही. गावाने आपल्याला विसरून टाकलं, हे तिला दुखत होतं.

तेव्हा मयताच्या दारात जाताना 'माफ करा' असं सांगायला जाऊ नका, तो अधिकार आपला नाही. तीन गोष्टी विचारा. निराधार योजनेचा, घरकुलाचा किंवा वारसनोंदीचा काही अर्ज अडकलाय का? पीडितांच्या नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कधी अर्ज झाला होता का? (मुदतीचा प्रश्न येईल, पण सचिवांना भेटून विचारायला काही लागत नाही.) आणि तिसरं, तो आल्यावर तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते? उत्तर अनेकदा फार ठोस असतं: नळावर समोरासमोर येऊ नये, देवळातल्या पंगतीला तो शेजारी बसू नये, त्याच्या पोराने आमच्या पोरीच्या वर्गात काही बोलू नये. या गोष्टी सरपंच मिटवू शकतो. एका गावात पाण्याची वेळ अर्ध्या तासाने पुढेमागे केली आणि दोन वर्षं काहीही झालं नाही. एवढ्या छोट्या गोष्टीसाठी कलेक्टरपर्यंत अर्ज जाणार होते!

ठाणेदारांनाही सुटकेच्या आधीच भेटा. दोन्ही घरांवर लक्ष ठेवा म्हणावं, एकाच घरावर नको. दर आठवड्याला वर्दीतल्या पोलिसाने सुटलेल्या माणसाच्या दारात मोटरसायकल लावली, तर त्याला कोणी खुरपायलाही बोलावत नाही. बीट अंमलदार साध्या कपड्यात येऊ शकतो, फोन करू शकतो. हे नीट बोललात तर बहुतेक अधिकारी ऐकतात.

कागदांवर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुमचा अधिकार इथेच आहे.

तुमच्या कार्यालयातला नमुना ८ (घरांच्या आकारणीची नोंदवही) काढा. घर वडिलांच्या नावावर होतं, वडील गेले, मधल्या काळात भावाने एकट्याचं नाव लावून घेतलं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही. भावाची बाजूही असते. त्याने पंधरा वर्षं आईला सांभाळलं, वकिलाची फी भरली, कधी त्यासाठी रान विकलं. सुटलेला माणूस आल्यावर पहिली ठिणगी मयताच्या घराकडून पडेल असं गाव समजतं, आणि ती पडते सख्ख्या भावाकडून. सातबारावरही तेच. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून (म्हणजे आपले पूर्वीचे तलाठी) फेरफार बघून घ्या. तंटा दिसला तर तो येण्याआधी आई आणि भावाला बसवून निदान राहायची खोली कोणती, एवढं तरी ठरवा. वाटणीचा निकाल तुम्ही द्यायचा नाही, ते दिवाणी न्यायालयाचं काम. पहिल्या रात्री अंथरूण कुठे टाकायचं, हा मात्र गावाचा प्रश्न आहे.

घरपट्टीची थकबाकी हा दुसरा सापळा. थकबाकी भरल्याशिवाय कोणताही दाखला द्यायचा नाही, अशी सवय अनेक ग्रामपंचायतींना आहे. दहा-पंधरा वर्षांची पट्टी त्याने पहिल्या महिन्यात कुठून भरायची? हप्ते पाडून द्या आणि दाखला त्याला बांधू नका. रहिवासाचा पुरावा म्हणून बऱ्याच कामांना स्वयंघोषणापत्र चालतं. ते चालत असताना आपल्या कर्मचाऱ्याने दाखल्याचा हट्ट धरू नये, हे त्याला स्पष्ट सांगा.

रेशनकार्डावरून त्याचं नाव कमी झालेलं असणार. ते पुन्हा चढवायचं काम तहसीलच्या पुरवठा शाखेचं, पण अर्ज भरून, आईचं कार्ड आणि आधार जोडून पाठवायला ग्रामपंचायतीतलं कोणीतरी लागतं. कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी पाच किलो धान्य वाढतं. अंत्योदय असेल तर कार्डामागे पस्तीस किलो ठरलेलं आहे, त्याच्या नावाने दाणा वाढत नाही. हे आधी सांगितलं नाही तर घरात उगाच भांडण होतं की 'नाव लावलं पण धान्य तेवढंच.'

बँकेचं खातं असलं तरी ते निष्क्रिय झालेलं असतं. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. पण ते बुडत नाहीत, केवायसी करून परत मागता येतात. आधार असेल तर मोबाइल नंबर जुना असतो, आणि आज मोबाइलवर ओटीपी आल्याशिवाय काही हलत नाही. म्हणून मी पहिल्या दिवशी माणसाला सिमकार्ड घ्यायला लावतो आणि दुसऱ्या दिवशी आधार केंद्रावर नेतो. बाकी सगळं त्यानंतर. मतदारयादीत नाव नसेल तर नमुना ६. तुरुंगात असताना मत देता येत नाही, पण सुटल्यावर मतदानाचा हक्क पूर्ववत असतो. हे पुष्कळ सुशिक्षितांनाही माहीत नसतं. (कोणी खवचटपणे विचारलंच की 'आता हा सरपंच व्हायचा का', तर सांगा: सहा महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर साधारण पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होता येत नाही. विषय तिथेच संपतो.)

एवढं सगळं तो एकटा करायला गेला तर तीन महिने जातात. आत सगळं घंटेवर चालतं: उठायची घंटा, जेवायची घंटा, बंदीची घंटा. पंधरा वर्षं दार स्वतःच्या हाताने न उघडलेल्या माणसाला तहसील कार्यालयात कोणत्या खिडकीला जायचं, हे ठरवणंच जड जातं. तो चिडतो किंवा गप्प घरात बसतो, आणि गाव म्हणतं 'बघा, सुधारला नाही.' तेव्हा तुमच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, रोजगार सेवकाला किंवा एखाद्या समजूतदार सदस्याला पहिल्या महिनाभरासाठी हे काम नेमून द्या. एकच माणूस, एकच वही. चार जणांवर सोपवलेलं काम कोणाचंच नसतं.

पोटाचं काय?

सगळ्यात लवकर हाताला मिळतं ते रोजगार हमीचं काम. नोंदणी तुमच्याकडेच होते आणि चारित्र्याचा दाखला कोणी मागत नाही. शिवाय तो आत काय शिकलाय ते विचारा. आपल्या मध्यवर्ती कारागृहांत सुतारकाम, शिवणकाम, विणकाम, बेकरी, धुलाई अशी खाती चालतात. नाशिक रोड कारागृहातल्या बंद्यांनी केलेले गणपती तर लोक रांगा लावून घेतात. पण त्या कामाच्या प्रमाणपत्रावर कारागृहाचा शिक्का असतो, आणि तो दाखवला की दुकानदार पुन्हा विचार करतो. म्हणून जुन्या शिक्क्यावर विसंबू नका. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, शिंपी, न्हावी, धोबी, मूर्तिकार असे अठरा व्यवसाय आहेत. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज अशी रचना आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत करते, म्हणजे ताई, तुम्ही. योजनेच्या बाकीच्या अटींत बसत असेल तर त्याच्या जुन्या गुन्ह्याकडे बघून तुमच्या पातळीवर अर्ज मागे ठेवू नका. बँक नंतर काय करायचं ते करेल.

कर्ज म्हटलं की लोक हसतात: कैद्याला कोण कर्ज देणार? महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ पासून येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची योजना सुरू केली. आत असलेल्या बंद्याला त्याच्या कामाच्या मजुरीच्या भरवशावर, तारण आणि जामीनदार न घेता, पन्नास हजारांपर्यंत ७ टक्क्यांनी कर्ज. बहुतेकांना ते हवं होतं बाहेरच्या घरासाठी, म्हणजे पोरांचं शिक्षण, आजारपण, वकील. आत बसलेल्या माणसावर बँक विश्वास ठेवते, तर बाहेर आलेल्यावर सोसायटीने का ठेवू नये, असं मी सचिवांना विचारतो. उत्तर मिळत नाही, पण अर्ज घेतला जातो.

ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून थेट पैसे द्यावेत असं मी सांगणार नाही. त्याने गाव पेटतं. पण तो मागासवर्गीय असेल तर स्वउत्पन्नातला १५ टक्के निधी त्याच्यासाठीही आहे, दिव्यांग असेल तर ५ टक्के. जे इतरांना मिळतं तेच, त्याच रांगेतून. 'कैद्याला दिलं' हे वाक्य ज्या दिवशी तुमच्या इतिवृत्तात येईल, त्या दिवशी तुम्ही त्याच्या कपाळावर पुन्हा शिक्का मारला असं समजा. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात परिवीक्षा अधिकारी असतात. सुटलेल्या बंद्यांचं पुनर्वसन हा त्यांच्या कामाचा भाग आहे. त्यांना पत्र लिहा, सुटकेच्या आधीच लिहा.

आरोग्याचं थोडक्यात. पहिल्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. दाटीत राहिलेल्या माणसाला क्षयाची तपासणी हवीच. आतला औषधोपचार सुरू असेल तर त्याची चिठ्ठी घेऊन जावं, खंड पडू देऊ नये. हे आशाताईंना सांगताना मोठ्याने सांगू नका.

तुमच्या गावात आत्ता जन्मठेपेचा प्रश्न आहे, पण उद्या दारात येईल तो बहुधा वेगळा माणूस असेल. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यातले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे खटला संपायच्या आतले. चारांतले तीन! त्यातले पुष्कळ जण जामिनावर किंवा निर्दोष सुटून येतात, आणि गाव त्यांनाही 'जेलमध्ये होता' याच खात्यात टाकतं. काहींचा जामीन मंजूर होऊनही ते महिनोन्महिने आत असतात, कारण जामीनदार नाही, पैसे नाहीत. गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजना २०२३ पासून आहे. सुरुवातीच्या नियमांप्रमाणे न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंड भरता न आल्याने अडकलेल्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत. जिल्हाधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक अशांची समिती ठरवते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायला हवं, अर्थात फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून आणि इतर खटले प्रलंबित नसतील तर. तुमच्या गावातलं कोणी असं अडकलेलं असेल, तर सरपंचाच्या एका पत्राने विधी सेवा प्राधिकरणात फाईल वर येते. हे मी अनुभवाने सांगतो.

तुमच्या पंचक्रोशीत फासेपारधी वस्ती आहे का? असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून गेला, पण ठाण्याच्या मनातून अजून गेलेला नाही. चोरी झाली की पहिली उचल तिथून. त्या वस्तीतला माणूस सुटून येतो तेव्हा परतायला गावठाणात त्याचं घरच नसतं, गायरानातलं पाल असतं, तेही मधल्या काळात कोणीतरी उठवलेलं. नमुना ८ नाही, म्हणून दाखला नाही, म्हणून रेशन नाही. इथे 'पुन्हा' वसवण्याचा प्रश्न नाही, मुळात कधी वसवलंच नाही. आणि जातपंचायतीने कुटुंबाला वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. तुम्ही फक्त ठाण्याला कळवायचं.

सुटून येणाऱ्या बाईचं आणखी वेगळं. पुरुषाची आई पायरीवर येऊन बसते. बाईसाठी कोणी बसत नाही. नवरा दुसरं लग्न करून मोकळा, माहेर दार लावतं, मुलं काकाकडे. तिला जागा नसेल तर महिला व बालविकास विभागाच्या शक्तीसदनात (पूर्वीचं स्वाधार) प्रवेश मिळू शकतो. मुलं छोटी असतील तर बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये आहेत. आईबाप तुरुंगात असलेल्या मुलांनाही ती लागू आहे. म्हणजे पालक आत असतानाच अर्ज करता येतो, सुटकेची वाट बघायची गरज नाही. बचत गटातल्या बायका पहिल्या वर्षी तिला घेत नाहीत. आग्रह करू नका, गटाच्या कामाला आधी रोजावर बोलवा. स्वयंपाकाच्या ऑर्डरीत कांदे चिरता चिरता बायका ज्या गोष्टी मिटवतात, त्या आपल्या बैठकीत मिटत नाहीत.

आता भाऊंसाठी, नगरपालिकेच्या बाजूचं.

गावात सगळे ओळखतात हा त्रास, तर शहरात कोणीच ओळखत नाही हा त्रास. सुटकेचे कागद पूर्ण होता होता दिवस मावळतो. हातात गाडीभाडं, एक पिशवी. गावाची शेवटची एसटी गेलेली असते. अशा रात्री माणूस स्टँडवर झोपतो, आणि १९५९ चा भिक्षाप्रतिबंधक कायदा आहेच, त्याखाली उचलला जाऊ शकतो. म्हणजे सकाळी एका फाटकातून बाहेर, रात्री दुसऱ्या फाटकातून आत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच शहरांना दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा सक्तीचा केला. तुमच्या शहरात रात्रनिवारा असेल, तर कारागृह अधीक्षकांना त्याचा पत्ता आणि व्यवस्थापकाचा फोन लेखी कळवा आणि तो कागद सुटकेच्या टेबलावर चिकटवायला सांगा. खर्च शून्य. निवाऱ्यात आधार नसलेल्याला घ्यायचं की नाही यावर कर्मचारी घोळ घालतात, तेव्हा मुख्याधिकाऱ्यांकडून 'सुटकेचा कागद ओळख म्हणून चालेल' असं कार्यालयीन पत्र काढून घ्या.

दुसरं, फेरीवाल्यांचं. चहाची गाडी, भाजी, इस्त्री हे सुटलेल्या माणसाला झेपणारे धंदे, कारण मालकाने ठेवून घेण्याचा प्रश्न नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समिती आणि प्रमाणपत्र तुमच्याकडचं, पीएम स्वनिधीच्या कर्जासाठी लागणारं शिफारसपत्रही तुमच्याकडचं. फक्त 'सर्वेक्षणात नाव नाही' म्हणून नव्या माणसाला परत पाठवलं जातं. सर्वेक्षण झालं तेव्हा तो आत होता, हे समितीपुढे एकदा मांडा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि कोणी हात घालत नाही ते: ठेकेदार. सफाई, उद्यान, पाणीपुरवठा ही सगळी कामं ठेक्यावर. निविदेत सरसकट लिहिलेलं असतं, 'कामगारावर कोणताही गुन्हा नोंद नसावा.' गुन्हा 'नोंद' म्हणजे शिक्षाही नव्हे! राजकीय आंदोलनातला गुन्हा असलेले निम्मे नगरसेवक मग नाली साफ करायलाही अपात्र ठरतील. ही अट बदलायचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. कामाशी संबंध असेल तिथेच चारित्र्य पडताळणी मागा. वसुलीचे पैसे हाताळायचे असतील तर आर्थिक गुन्हा पाहा, शाळेत काम असेल तर बालकांविरुद्धचा पाहा, आणि तिथे सवलत देऊ नका. बाग झाडायला मारामारीचा जुना खटला आडवा यायचं कारण नाही. न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये कायदाच केला की, नोकरीचा देकार देईपर्यंत मालकाने गुन्ह्याचा इतिहास विचारायचा नाही. आपल्याकडे तेवढं होईल तेव्हा होईल, निविदेतली एक ओळ मात्र पुढच्या सभेत बदलता येते.

परदेशाचा विषय निघालाच तर नॉर्वेचं एक सांगतो. तिथल्या तुरुंगांचे फोटो आपल्याकडे फिरतात आणि लोक म्हणतात, 'असले लाड!' मला त्या खोल्यांचं काही वाटत नाही. मला आवडतं ते हे, की तिथे आतला दवाखाना स्थानिक नगरपालिका चालवते, ग्रंथपालही बाहेरच्या ग्रंथालयाचा असतो. माणूस आत असतानाही नगरपालिकेचा रहिवासीच राहतो. आपली नगरपालिका कारागृहाच्या भिंतीपाशी थांबते, पाणीपट्टीचं बिल तेवढं आत जातं.

आणि फार लांब जायला नकोच. तुमच्या माणपासून आटपाडी किती, एका एसटीच्या अंतरावर. १९३९ मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरच्या साथीने तिथे स्वतंत्रपूर वसवलं. भिंत नाही, बंदी शेती करतात, बायकापोरांसह राहतात. कारागृह विभागाची ती वसाहत आजही आहे. त्याच औंध संस्थानाने त्याच वर्षी गावपंचायतींच्या हाती कारभार द्यायला सुरुवात केली होती. दोन्ही प्रयोग एकाच राजाने एकाच वेळी केले, याचा आपण कधी एकत्र विचारच करत नाही. ग्रामपंचायत सदस्यांना घेऊन एकदा तिथे जाऊन या, रीतसर परवानगी काढून. ठरावाची भाषा करणाऱ्या दोघांना गाडीत पुढच्या सीटवर बसवा.

तुमच्याकडे दोन महिने आहेत. या आठवड्यात मयताच्या घरी आणि ठाण्यात. पुढच्या आठवड्यात नमुना ८, फेरफार आणि भावाशी बोलणं. नंतर परिवीक्षा अधिकाऱ्यांना पत्र. सुटकेची तारीख कळली की आईला सांगा, घ्यायला दोघांनीच जावं, गुलाल-हार-गाड्या काही नको. मयताच्या आळीतून तर मुळीच आणू नये. तो आला की दुसऱ्या दिवशी सकाळी, कार्यालय उघडायच्या वेळेला, त्याला ग्रामपंचायतीत बोलवा. खुर्ची द्या. स्वयंघोषणापत्राचा कोरा नमुना, रेशनचा अर्ज आणि नमुना ६ आधीच टेबलावर काढून ठेवा. आणि त्याला पेन द्या, कारण त्याच्या खिशात ते नसेल.